ठोक पाणीपट्टी वाढवायची की नळाला मीटर लावायचे?

जुना_नळ

डिसेंबर २०२५ च्या निवडणुकांनंतर नगरपरिषदांत पुन्हा सभागृहं बसली आणि अर्थसंकल्पाच्या तोंडावर नेहमीचा विषय पत्रिकेवर आला: अर्धा इंची नळाची वार्षिक पट्टी वाढवणे. माझं म्हणणं सरळ आहे. ठोक पट्टी, म्हणजे कितीही पाणी वापरा वर्षाला रक्कम तीच, हा प्रकारच मोडीत काढा आणि मीटर लावा.

हिशेबासाठी एक नमुना गाव धरू. ३०,००० वस्ती, म्हणजे क वर्ग नगरपरिषद. ६,००० जोडण्या, वर्षाला ठोक १,८०० रुपये. माणशी १३५ लिटर धरलं तर दिवसाला साधारण ४० लाख लिटर उचलावं लागतं. जॅकवेल (नदी-धरणाचं पाणी उचलायची विहीर) ते शुद्धीकरण केंद्र आणि तिथून उंच टाकी, असा मिळून ९० मीटरचा चढाव आणि पंप-मोटारीची कार्यक्षमता ६० टक्के धरा. हजार लिटरला सुमारे ०.४१ युनिट वीज लागते. वर्षाचे झाले जवळपास ६ लाख युनिट. स्थिर आकारासह ८ रुपये युनिट पकडलं तर ४८ लाखांच्या आसपास फक्त वीज.

आता जमेची बाजू. पट्टीची वर्षाची मागणी १ कोटी ८ लाख. वसुली ६० टक्के असेल तर हातात ६५ लाख. त्यातून वीज गेली की उरतात १७ लाख, आणि त्यात व्हॉल्व्हमन-फिटरचे पगार, तुरटी, टीसीएल (ब्लीचिंग पावडर), जलसंपदाचं कच्च्या पाण्याचं बिल, गळती दुरुस्ती. बसत नाही. मग तूट घरपट्टीतून भरायची, नाहीतर वीजबिल थकवायचं.

मीटरवर टप्प्याटप्प्याचा दर ठेवा. महिना १५ हजार लिटरपर्यंत हजारी १० रुपये, पुढच्या १० हजारांना १५, त्यावर २५. पाच माणसांचं घर माणशी १०० लिटर वापरतं, म्हणजे महिना १५ हजार लिटर. बिल १५० रुपये. वर्षाचे १,८००, आज भरतात तेवढेच. बागेला पाइप सोडून ठेवणारा बंगला महिना ४० हजार लिटर ओढतो, त्याला ६७५ येतील. ठोक पट्टीत दोघंही सारखेच. हा कुठला न्याय?

व्हॉल्व्हमन

मीटर मागणाऱ्यांनी एकदा दिवसाआड पाणी येणाऱ्या गल्लीत, व्हॉल्व्ह उघडताना शेवटच्या नळापाशी उभं राहावं. पाणी यायच्या आधी पाच-सात मिनिटं नळ नुसता फुसफुसतो. रिकाम्या पाइपातली हवा पुढे ढकलली जाते आणि मीटरचा पंखा पाण्यापेक्षा जोरात फिरतो. गिऱ्हाईक हवेचे पैसे भरतं. पाणी बंद झालं की उताराकडचा पाइप रिकामा होताना ओढ लागते, तेव्हा काही मीटर उलटे फिरतात. चढावरच्या माथ्यांवर एअर व्हॉल्व्ह असले तर हवा तिथूनच निघून जाते. पण त्यांचे गोळे गाळाने चिकटलेले असतात, नाहीतर गळतो म्हणून वर आंधळी प्लेट मारलेली असते.

दुसरं गाळ. फुटलेली लाइन जोडल्यावर धुऊन काढल्याशिवाय पाणी सोडलं की माती थेट मीटरच्या जाळीत. जाळी तुंबली की दाब कमी, मग लोक जाळीच काढून टाकतात आणि खडा आत जाऊन पंखा अडकतो. अडकलेल्या मीटरचं बिल मागच्या सरासरीवर काढतात. म्हणजे फिरून ठोकच झालं की.

तिसरं, मोटारी. नळाला थेट टिल्लू लावणाऱ्यांमुळे शेजारच्याला थेंब येत नाही. मीटर लावल्याने मोटार जात नाही, तो बिल भरून ओढत राहील.

जुना_नळ

हवेचा मुद्दा खरा आहे. पण तो दिवसाआड पाण्याचा दोष, मीटरचा नाही. सातारा जिल्ह्यात कराडला खेटून असलेल्या मलकापूरने छोटं गाव असूनही चोवीस तास पाणी, मीटर आणि टप्प्याचा दर हे तिन्ही करून दाखवलं. लाइन सतत भरलेली असेल तर हवा शिरणार कुठून? आणि पाणी कधीही येतं म्हटल्यावर लोक शिळं म्हणून ओतून देत नाहीत, मोटारीची गरजही उरत नाही.

व्हॉल्व्हमन

मलकापूरचं नाव सगळे घेतात, पण क्रम कुणी सांगत नाही. तिथे मीटरबरोबर वितरणाची सगळी व्यवस्थाच नवी उभी राहिली. तुम्ही तीस-चाळीस वर्षांच्या जुन्या लाइनवर, गंजलेल्या जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) जोडण्यांवर मीटर बसवायला निघालात. अशा लाइनवर चोवीस तास दाब ठेवला तर आज दोन तास गळणारं छिद्र चोवीस तास गळेल. टाकी दुपारपर्यंत रिकामी.

हिशेबनीस_क_वर्ग

दोघांचंही थोडं बाजूला ठेवा. दर वाढवणे आणि मीटर लावणे या दोन्हींच्या आधी वसुलीचं कोष्टक बघा. वरच्याच गावात ठोक पट्टी १,८०० वरून २,४०० केली आणि वसुली ६० टक्केच राहिली, तर हातात ८६ लाख. दर तोच ठेवून वसुली ८५ टक्क्यांवर नेली तर ९२ लाख. वाढ फक्त भरणाऱ्यांच्या डोक्यावर बसते, न भरणाऱ्याची नुसती थकबाकी फुगते.

मागणी-वसुली-शिल्लक तक्ता मागितला की 'मागील' आणि 'चालू' असे दोन रकाने वेगळे मागा. एकत्र टक्केवारीत सगळं झाकलं जातं. मागील थकबाकीत मयत, दोनदा नोंदलेले, पाडलेल्या घरांचे नळ पडून असतात. ती कधीच वसूल होणार नाही, पण निर्लेखनाचा, म्हणजे ती वहीतून कायमची काढून टाकण्याचा विषय सभेपुढे आणायला कुणी तयार नसतं, कारण त्या यादीत सभागृहातल्यांचीच आडनावं निघायची भीती.

आणि मीटरचा भांडवली खर्च कुणी धरलाच नाही. मीटर, पेटी, जोडकाम मिळून ३,००० धरले तर ६,००० जोडण्यांचे १ कोटी ८० लाख. आठ वर्षं टिकला तर जोडणीमागे वर्षाला ३७५ रुपये. वर रिडिंग घेणारी माणसं. १,८०० च्या बिलात ३७५ नुसते मोजण्याचेच.

तिसरी_घंटा

मी पट्टी वाढवण्याच्याही विरोधात आणि मीटरच्याही. आधी पंपघरात जा. जुना_नळ यांनी कार्यक्षमता ६० टक्के धरली. झिजलेल्या इंपेलरचा (आतल्या फिरत्या पंख्याचा), गळती सोडणाऱ्या ग्लँडचा (दांड्याभोवतीच्या सीलचा) पंप ४५ टक्क्यांवर आलेला असतो आणि कुणाला पत्ता नसतो, कारण पाणी तर चढतंच आहे. हिशेब बघा: हजार लिटरला ०.४१ ऐवजी ०.५५ युनिट. वर्षाला आठ लाख युनिट, ६४ लाख रुपये. फरक १६ लाख. जोडणीमागे साधारण २६५ रुपये. म्हणजे वरच्या ६०० रुपयांच्या पट्टीवाढीतली जवळपास निम्मी रक्कम पंपाच्या झिजेतून बाहेर पडतेय.

तपासायला सल्लागार नेमायची गरज नाही. एक तासाचे युनिट मीटरवरून, त्याच तासात टाकी किती सेंटिमीटर भरली ते टाकीवरच्या पातळी मोजायच्या पट्टीवरून, आणि दाब गेजवरून. टाकीतून गावाला जाणारा व्हॉल्व्ह मात्र त्या तासात पूर्ण बंद हवा. १२.६ मीटर व्यासाच्या ५ लाख लिटरच्या टाकीत एक सेंटिमीटर म्हणजे जवळपास १,२५० लिटर. युनिटांना चढलेल्या हजार लिटरांनी भागलं की उत्तर समोर.

उच्चदाब जोडणी असेल तर बिलातला पॉवर फॅक्टरही (ओढलेल्या विजेपैकी खरी कामी आलेली किती, ते प्रमाण) बघा. २०२० पासून महावितरण उच्चदाबाला केव्हीएएच युनिटवर, म्हणजे कामी आलेल्या नव्हे तर ओढलेल्या विजेवर बिल देतं. पॉवर फॅक्टर ०.८५ असेल तर खऱ्या १०० युनिटमागे ११८ मोजले जातात. पॉवर फॅक्टर सुधारणाऱ्या कपॅसिटर बँकेचा एक फ्यूज उडालेला असतो, तो महिनोन्‌महिने तसाच. शिवाय महावितरणकडची विजेची मंजूर मागणी जुन्या मोठ्या पंपाच्या हिशेबाने ठेवलेली, पंप बदलला तरी ती कमी करून घ्यायचा अर्ज जात नाही. पट्टीवाढीच्या टिपणीत मात्र "विजेचे दर वाढल्याने" एवढं एकच वाक्य.

चाळकरी

टप्प्याच्या दरात आम्हा वाड्या-चाळीतल्यांचं काय होतं ते कुणी बघितलं का? आठ बिऱ्हाडं, एक जोडणी, एक मीटर. आठ घरांचं १५ हजारप्रमाणे १ लाख २० हजार लिटर. जुना_नळ यांच्या दराने पहिल्या १५ हजारांचे १५०, पुढच्या १० चे १५०, उरलेल्या ९५ हजारांचे २,३७५. एकूण २,६७५. तीच आठ घरं स्वतंत्र असती तर १,२००. बंगल्याला लावायला काढलेला दर गरिबाच्या नळावर बसला.

जुना_नळ

हे बरोबर पकडलंत. उपाय आहे: टप्पे बिऱ्हाडांच्या संख्येने गुणायचे. आठ बिऱ्हाडं तर स्वस्त टप्पा १ लाख २० हजारांचा. ठरावातच तसं लिहून घ्यावं लागेल, नंतर कर विभाग स्वतःहून करणार नाही.

हिशेबनीस_क_वर्ग

आणि मग प्रत्येक दुमजली घरात कागदावर चार बिऱ्हाडं निघतील. मोजायचं तर स्वतंत्र वीजमीटरच्या संख्येवर मोजा, रेशनकार्डावर नको. खोटं वीजमीटर घ्यायला दरमहा स्थिर आकार भरावा लागतो, तेवढा खर्च कुणी करत नाही.

चाळकरी

अहो, आमच्यातल्या निम्म्या बिऱ्हाडांना मालकाने सबमीटर दिलाय, महावितरणचा मीटर एकच. तुमच्या नियमात आम्ही पुन्हा एकच घर.

इतिवृत्त

पद्धतीवर बोलतो, कारण सगळा खेळ तिथेच होतो. सभेच्या पत्रिकेत पहिला विषय मागील सभेचं इतिवृत्त कायम करणे, मग रस्ते-गटारांच्या निविदा, आणि दराचा विषय शेवटून दुसरा. तोवर अर्धे सदस्य जेवायला. कधी तर "ऐनवेळचे विषय" मध्ये. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमात कलम ८१ मध्ये सभेची आणि सूचनेची रीत घालून दिलेली आहे. दरासारखा विषय टिपणीसह आधी सदस्यांच्या हातात पडला नसेल तर सभागृहातच विरोध नोंदवायला सांगा. "सर्वानुमते मंजूर" लिहिलं गेलं की पुढे भांडायला काही उरत नाही. नवा कर बसवताना हरकती मागवायची पायरीही अधिनियमात आहे. ठराव कायद्याला धरून नसेल तर कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी त्याची अंमलबजावणी थांबवू शकतात, पण त्यांच्याकडे जाताना इतिवृत्ताची सही-शिक्क्याची नक्कल लागते, व्हॉट्सअॅपवरचा फोटो नाही.

आणि जुना_नळ, "तूट घरपट्टीतून भरायची" हे तुम्ही दोष म्हणून लिहिलंत. मला त्यात दोष दिसत नाही. रस्त्यावरचा दिवा आपण मोजून विकत नाही. पिण्याचं पाणी काही प्रमाणात घरपट्टीतून गेलं तर मोठ्या घराचा मालक जास्त भरतो, तुमचा न्याय तिथेही होतोच.

जुना_नळ

नाही होत. घर मोठं आणि माणसं दोन, असं आज गावोगाव आहे. पोरं पुण्या-मुंबईला, घरात म्हातारा-म्हातारी. त्यांनी दहा माणसांच्या पाण्याची तूट का भरायची? शिवाय केंद्राच्या सेवा-निकषांत मीटर १०० टक्के, हिशेबाबाहेरचं पाणी २० टक्क्यांच्या आत आणि खर्चाची पूर्ण वसुली असंच लिहिलंय. अमृत २.० या केंद्राच्या शहरी पाणी योजनेत एक लाखाच्या आतल्या गावांना केंद्राचा वाटा ५० टक्के आहे. नव्या लाइनी त्यातून होणार असतील तर मीटर त्याच कामात घाला. व्हॉल्व्हमन म्हणतात तो क्रमही मग आपोआप साधतो.

व्हॉल्व्हमन

योजनेच्या निविदेत मीटर घातले की ठेकेदार ते रस्त्याकडेला, गटारात, उभ्या पाइपावर कसेही बसवून बिल काढतो. बहुधारी (मल्टिजेट) मीटर आडवाच लागतो. तिरका बसला की बारीक धार मोजतच नाही, आणि रात्रभर टाकीत थेंब-थेंब भरणाऱ्याला तेच हवं असतं. निविदेत लिहायचंच असेल तर एवढं लिहा: आयएस ७७९ या भारतीय मानकाचा मीटर, आडवी बसवणी, मीटरआधी बंद करायचा कॉक, पेटीला कुलूप, फेरूलपासून (मुख्य लाइनीवरच्या जोडणीच्या तोंडापासून) मीटरपर्यंत नवा एमडीपीई (प्लास्टिकचा) पाइप. जुना जीआय तुकडा मध्ये ठेवला की गंजाच्या पापुद्र्यांनी वर्षात मीटर अडकतो.

मी विचाराल तर आधी फक्त टाक्यांच्या तोंडाशी मोठे मीटर. चार टाक्या, चार मीटर. एका टाकीखालच्या गल्ल्यांत घरमीटर लावून फरक बघा. ४० टक्के पाणी वाटेतच जात असेल तर घराघरांत मोजून काय मिळणार?

तिसरी_घंटा

मोठा मीटर येईपर्यंतही थांबू नका. रात्री टाकी भरल्यावर आत-बाहेरचे व्हॉल्व्ह बंद करून पट्टी बघायची, पहाटे पुन्हा बघायची. आठ तासांत सहा सेंटिमीटर उतरली तर साडेसात हजार लिटर गेले. टाकी गळतेय किंवा व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. याला खर्च शून्य.

चाळकरी

हे सगळं आम्ही कुठून तपासणार? पंपघरात आम्हाला उभं कोण करणार?

इतिवृत्त

माहिती अधिकारात अर्ज टाका. १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, अर्ज नगरपरिषदेच्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे. मागा: पंपघराच्या १२ महिन्यांच्या वीजबिलांच्या प्रती, पंपाच्या तासांचं लॉगबुक, टाकी पातळीची नोंदवही, मागील आणि चालू असं वेगळं मागणी-वसुली-शिल्लक, टीसीएलची साठा नोंदवही. ३० दिवसांत उत्तर लागतं, नाही आलं तर प्रथम अपील.

तिसरी_घंटा

टीसीएलची नोंदवही मागितलीत ते बरं केलंत. हजार लिटरला ५ ग्रॅम या हिशेबाने ४० लाख लिटरला दिवसाला २० किलो लागते. वहीत रोज २५ किलोची एक गोणी खर्ची आणि तरीही शेवटच्या नळाला ओटी टेस्टमध्ये (पाण्यात क्लोरीन उरलंय का ते बघायच्या चाचणीत) पिवळा रंग येत नसेल, तर गोणी जातेय कुठे ते विचारा. पावसाळ्यात उघड्या गोणीची ताकद उतरते हे खरं, पण दरवर्षी बाराही महिने उतरत नाही.

व्हॉल्व्हमन

लॉगबुकाच्या प्रती मागू नका, मूळ वही पाहायची परवानगी मागा. प्रतीत शाई एकसारखीच दिसते. मूळ वहीत महिनाभराच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिलेल्या लगेच ओळखू येतात. लाइट गेलेल्या दिवशीही पंप १६ तास चाललेला सापडतो.