डक्सफर्डच्या विमान म्युझियमला अप्पांना घेऊन जायचंय, एका दिवसात होईल का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, सोलापूरहून लिहितोय. बहीण केंब्रिजला असते, सप्टेंबरमध्ये आई-अप्पांना घेऊन तिच्याकडे चाललोय. व्हिसा झाला, तिकिटं झाली, आईची शेंगाचटणी कुटून डब्यात भरून पण झाली. अप्पांचं म्हणणं एकच, लंडन-बिंडन नंतर बघू, आधी डक्सफर्ड.

अप्पा एअरफोर्समधून रिटायर, लोहगावला कॅनबेरा या बॉम्बर विमानाच्या मेंटेनन्सवर होते. काडतुसासारखं कार्ट्रिज फोडून इंजिन स्टार्ट करायचे, धाडकन आवाज आणि काळा धूर, हे आम्ही भावंडांनी इतक्यांदा ऐकलंय की आम्हीच स्टार्ट करू आता. डक्सफर्डला एक कॅनबेरा ठेवलंय म्हणे, तेव्हापासून आमच्या घरात दुसरा विषय नाही. १९३८ साली स्पिटफायर ही लढाऊ विमानं सगळ्यात आधी तिथल्याच स्क्वाड्रनला मिळाली वगैरे सगळं त्यांना पाठ आहे.

अडचण त्यांच्या गुडघ्यांची. मॅपवर बघितलं तर एका टोकाला गेट आणि अमेरिकन म्युझियम पार दुसऱ्या टोकाला, मधे हँगरच हँगर. व्हीलचेअर म्हटलं की अप्पा चिडतात, मी काय पेशंट आहे का म्हणून. कॅनबेरा नेमकं कुठल्या हँगरमधे आहे? तिथं त्यांना निवांत दोन तास सोडायचंय, बाकी राहिलं तरी चालेल. दुसरं म्हणजे एअरशोच्या दिवशी जावं का साध्या दिवशी? भाचा एअरशोसाठी हट्ट धरून बसलाय, मला गर्दीचं टेन्शन आहे. आणि आत डबा खाऊ देतात का, आईला बाहेरचं चालत नाही.

प्रतिसाद १
दादा, कॅनबेरा एअरस्पेस हॉलमधे, आत गेल्या गेल्या पहिलाच मोठा हॉल, त्यामुळे चालायचं काम कमी. लँकॅस्टर, व्हल्कन, टीएसआर-२ ही विमानं पण तिथंच आणि काँकॉर्डच्या तर आत शिरून बघता येतं, पण जिना आहे, गुडघ्यांचं बघा. ब्लॅकबर्ड आणि बी-५२ ही अमेरिकन विमानं बघायची असतील तरच लांब टोकाला जा. साधा दिवसच घ्या, रनवे चालू असतो, हवा चांगली असली तर स्पिटफायर उडताना दिसतंच बहुतेक, भाच्याला तेवढं पुरे. डबा खुशाल न्या, बाहेर बसून खायला बाकडी आहेत. ट्रेनने आलात तर व्हिटल्सफर्ड पार्कवेला उतरा आणि पुढं टॅक्सी करा, अप्पांना चालवू नका.

धागाकर्ता
लई उपकार झाले. जिन्याचं अप्पांना आत्ताच सांगत नाही.