एसीच्या आधी गच्ची

वरच्या मजल्यावरील घर तापते म्हणून एक टनाऐवजी दीड टनाचा एसी घ्यावा, या सल्ल्याशी मी सहमत नाही. नागपूर-अकोल्याच्या उन्हात काँक्रीटचा स्लॅब दिवसभर उष्णता साठवतो आणि सूर्यास्तानंतर ती खाली खोलीत सोडत राहतो. त्यामुळे मोठा एसी घेतला तरी मूळ कारण तसेच राहते आणि वीजबिल मात्र वाढते. प्रथम गच्चीची गळती दुरुस्त करून तिच्यावर पांढऱ्या चिनीमातीच्या तुकड्यांचा थर किंवा उष्णता परावर्तित करणारा पांढरा रंग द्यावा. हा रंग धुळीने मळला की त्याचा गुण कमी होतो, म्हणून उन्हाळ्यापूर्वी गच्ची धुणे आवश्यक आहे, हे रंगारी सहसा सांगत नाहीत. पश्चिमेच्या खिडकीला पडदा आतून लावण्यापेक्षा बाहेरून बांबूची चटई लावणे अधिक परिणामकारक ठरते, कारण ऊन काचेपर्यंत पोहोचतच नाही.

पंख्यांचा हिशेबही करावा. जुना पंखा साधारण ७५ वॅट घेतो, तर बीएलडीसी (कमी वीज घेणाऱ्या ब्रशलेस मोटरचा) पंखा सुमारे ३० वॅट. रोज १२ तास वापर असल्यास एका पंख्यामागे महिन्याला सुमारे १६ युनिट वाचतात. त्यानंतरही एसी लागलाच, तर एक टनाचा बहुधा पुरेल.