मदत हवी आहे: लेकीला डोंगरातल्या छोट्या बॅप्टिस्ट कॉलेजात पाठवावं का? (मार्स हिल, नॉर्थ कॅरोलायना)

नमस्कार मंडळी,

आम्ही कॅरीला राहतो. लेक यंदा हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला आहे. इथल्या बहुतेक मराठी घरांतली मुलं मोठ्या सरकारी विद्यापीठांत जातात. हिचं मन मात्र मार्स हिलवर बसलंय. ॲशव्हिलच्या उत्तरेला वीसेक मैलांवर मॅडिसन काउंटीतलं हे डोंगरातलं गाव, आमच्यापासून गाडीने चार-साडेचार तास. विद्यार्थी सगळे मिळून हजाराच्या आसपास. २०१३ पासून नावात युनिव्हर्सिटी आहे, पण बाज छोट्या कॉलेजचाच.

सासूबाईंना काळजी धर्माची. १८५६ साली बॅप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी काढलेली संस्था, नावही बायबलमधलं. बायबलच्या 'प्रेषितांची कृत्ये' या भागात ख्रिस्ती धर्मप्रचारक पौल अथेन्सच्या ज्या टेकडीवर बोलला, ती ही मार्स हिल. सासरे मुंबईच्या विल्सन कॉलेजचे, तेही मिशनऱ्यांनीच काढलेलं, त्यामुळे त्यांना यात वावगं काही वाटत नाही. बॅप्टिस्ट कन्व्हेन्शनशी, म्हणजे राज्यातल्या बॅप्टिस्ट चर्चांच्या संघटनेशी, असलेलं जुनं नातंही २००८ नंतर सैल झालंय, विश्वस्त आता कॉलेजच निवडतं.

मला स्वतःला खरं थांबवलं ते जो अँडरसनच्या गोष्टीने. पहिल्या इमारतीचे पैसे थकले, तेव्हा बांधणाऱ्यांनी एका विश्वस्ताच्या मालकीच्या या गुलाम माणसाला कर्जापोटी उचलून ॲशव्हिलच्या तुरुंगात ठेवलं. पैसे भरल्यावर तो सुटला. त्याच्याच खापरपणतीला, ओरालीन सिमन्स यांना, १९६१ साली याच कॉलेजात प्रवेश मिळाला. कॉलेजातल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय विद्यार्थिनी. जोच्या आठवणीचा दगड तिथे आहे. लेक त्याच्यासमोर बराच वेळ उभी होती, मीही. आपला असा इतिहास कॉलेज झाकून ठेवत नाही, याने माझा विश्वास वाढला.

आणि लेकीचं कारण म्हणजे नाच. तिथला बेली माउंटन क्लॉगर्स हा संघ देशपातळीवर अनेकदा जिंकलाय. क्लॉगिंग म्हणजे बुटांच्या तळाला धातूच्या पट्ट्या लावून करायचा या डोंगराळ भागाचा पारंपरिक नाच. आम्ही पाहायला गेलो तेव्हा तिथल्या एका मुलीने व्हरांड्यातच चार पावलं करून दाखवली. आमची नऊ वर्षं कथक शिकलीये. तिने बूट काढले आणि त्याच लयीत तत्कार धरला. दोघी हसत हसत वेग वाढवत गेल्या. तिला इतकं मोकळं मी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

आता मदत हवी आहे ती इथे. तुमच्यापैकी कुणाची मुलं अशा छोट्या, ख्रिस्ती पार्श्वभूमीच्या कॉलेजात शिकलीत का? वर्गात हिंदू मुलगी एकटीच असेल तर एकटेपणा येतो, की लहान जागेत माणसं लवकर आपलीशी होतात? मेसमध्ये शाकाहारी मुलांचं कसं भागतं? खोलीत राइस कुकर चालू देतात का? डोंगरात थंडीत गाडी चालवण्याचा अनुभव असेल तोही सांगा. सप्टेंबर २०२४ च्या हेलेन वादळात जवळच्याच मार्शल गावात फ्रेंच ब्रॉड नदी शिरली होती, ती दृश्यं माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत. आणि लिबरल आर्ट्सची पदवी घेऊन पुढे फिजिओथेरपीकडे गेलेलं कुणी असेल, तर आवर्जून लिहा. तिचा विचार तोच आहे.

कॉलेजला १ मेच्या आत कळवायचंय. व्यक्तिगत निरोप पाठवलात तरी चालेल.