बाबांची ॲलर्जीची गोळी: झोप न आणणारी कोणती? सोबत सर्दीची गोळी चालते का?

रानजाई:
आमच्या कन्नमवार नगरात शेजारची इमारत पाडलीय. खिडक्या लावून घेतल्या तरी संध्याकाळपर्यंत टीव्हीवर बोटाने नाव लिहिता येईल एवढी धूळ साचते. बाबांना (वय ६९) उठल्या उठल्या वीस-पंचवीस शिंका येतात, नाक गळतं, डोळे चोळून चोळून लाल होतात. रात्री लेव्होसेटिरिझिन ५ मिलिग्रॅम घेतात. नाक चोंदलं की वर मेडिकलवाल्याने दिलेली 'सर्दीची गोळी'. परवा पहाटे बाथरूमला जाताना झोक गेला, दाराची कडी हातात आली म्हणून पडले नाहीत. दिवसभर पेंगतात. बीपीची गोळी चालू आहे, प्रोस्टेट वाढलेलं आहे. डॉक्टरांची वेळ शनिवारची मिळालीय. तोवर काय करू? मला खरंच भीती वाटतेय.

ठाणेकर७२:
माझं काम क्रेनवरचं, पेंग परवडतच नाही. मला डॉक्टरांनी सेटिरिझिन बंद करून फेक्सोफेनाडिन दिली. तिने मला झोप येत नाही. फक्त ती साध्या पाण्याबरोबर घ्यायची. मी संत्र्याच्या रसाबरोबर घ्यायचो आणि गुण येत नाही म्हणून कुरकुरायचो. संत्रं, सफरचंद यांच्या रसाने ती अंगात कमी शोषली जाते. ॲसिडिटीचं पातळ औषध घेत असाल तर त्यातही दोनेक तासांचं अंतर ठेवा.

चाफा_परळ:
रानजाई, मी फार्मासिस्ट आहे, परळला काउंटरवर अठरा वर्षं झाली. आधी एक काम करा. सर्दीच्या गोळीची पट्टी उलटी करा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. पुढचं मोठं नाव सोडून द्या, घटक बघा. अशा बहुतेक गोळ्यांत क्लोरफेनिरामिन असतं, बऱ्याचदा फेनिलेफ्रिन (चोंदलेलं नाक मोकळं करायला) आणि पॅरासिटामॉलही. क्लोरफेनिरामिन हेसुद्धा ॲलर्जीचंच औषध, फक्त जुन्या पिढीतलं. म्हणजे बाबा नकळत एकाच जातीची दोन औषधं घेत असणार. जुन्या पिढीतली औषधं मेंदूपर्यंत जास्त पोचतात, म्हणून पेंग, तोंडाला कोरड, वयस्कर माणसांत गोंधळलेपण आणि तोल जाणं. प्रोस्टेट वाढलेल्याला त्यांनी लघवी अडू शकते. काचबिंदू असेल तरी जपायला हवं. फेनिलेफ्रिनने बीपी वर जाऊ शकतं.

तेव्हा सर्दीची गोळी आजच थांबवा. बीपीची गोळी मात्र अजिबात बंद करू नका. लेव्होसेटिरिझिनचं डॉक्टरांना फोनवर विचारा, कारण ती मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारी रक्तातली तपासणी) वाढलेलं असेल तर डोस कमी करावा लागतो. शेवटचा रिपोर्ट हाताशी ठेवा. आणि बाबांना स्पष्ट विचारा, लघवी नीट होते का? आपली माणसं हे लाजेपोटी सांगत नाहीत.

चोंदलेल्या नाकावर या गोळ्यांचा जोर तसाही कमीच. त्यासाठी मिठाच्या पाण्याचा स्प्रे किंवा डॉक्टरांनी लिहून दिलेला स्टिरॉइडचा नाकातला स्प्रे जास्त कामाचा. तो रोज मारावा लागतो, गुण यायला काही दिवस जातात, लोक दोन दिवसांत सोडून देतात.

अजून एक. चार गोळ्या मागितल्या की पट्टी कापून देतात आणि नाव नि एक्स्पायरी दुसऱ्या तुकड्यावर राहते. नाव असलेलाच तुकडा मागून घ्या. मी स्वतः असं सांगतोय, मागायला संकोचू नका.

सईची_आई:
मध्येच विचारते. मुलगी साडेतीन वर्षांची आहे. घरात मोठ्या भावाचं सर्दीचं सिरप उरलंय, तेच थोडं कमी करून देऊ का?

चाफा_परळ:
नको. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेलं सिरप चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, अशी सूचना बाटलीवर छापायला औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये सांगितलंय. मुलांचा डोस वय-वजनावर ठरतो, बालरोगतज्ज्ञांना विचारा. उरलेलं सिरप टाकून द्या.

गिरगाव_कट्टा:
रोज महिनोन् महिने सेटिरिझिन घेणाऱ्यांसाठी: मी दीड वर्ष घेऊन एकदम सोडली, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून अंगभर खाज. पित्त उठलंय असंच वाटलं. अमेरिकेच्या एफडीएने (तिथल्या औषध नियंत्रक संस्थेने) २०२५ मध्ये सेटिरिझिन आणि लेव्होसेटिरिझिन दोन्हींबद्दल हाच इशारा दिलाय. डॉक्टरांनी पुन्हा सुरू करून हळूहळू कमी केली. आणि ॲलर्जीची त्वचा-चाचणी करायची असेल तर गोळी किती दिवस आधी थांबवायची ते आधीच विचारा, नाहीतर चाचणी चुकीची येते.

ठाणेकर७२:
दारूबरोबर किंवा झोपेच्या गोळीबरोबर यातलं काही घेऊ नका. आणि ओठ-जीभ सुजली, श्वास लागला तर ॲलर्जीची गोळी देऊन वाट बघत बसू नका. थेट १०८ किंवा जवळचं हॉस्पिटल.

रानजाई:
पट्टी उलटी करून बघितली. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन, दोन्ही आहेत. चाफा, तुम्ही म्हणालात म्हणून बाबांना विचारलं. आधी नाही म्हणाले, मग हळूच सांगितलं की आठवडाभर लघवीला खूप वेळ लागतोय. डॉक्टरांना लगेच फोन केला. शनिवारची वाट नको, उद्या सकाळी नऊला या, दोन्ही पट्ट्या आणि जुने रिपोर्ट घेऊन, असं म्हणाले. रात्री बाथरूमचा दिवा चालूच ठेवतेय.