वंशाची नोंदच नाही, तरी अल्गोरिदमने भेदभाव केला कसा?

मृण्मयी_एमए:
नमस्कार, मी एमए अर्थशास्त्र दुसऱ्या वर्षाला आहे, डिझर्टेशनला डेटा आणि समाज असा विषय घेतलाय. सर म्हणाले आधी झियाद ओबरमायर आणि सहकाऱ्यांचा २०१९ चा 'सायन्स' या नियतकालिकातला पेपर वाच, अमेरिकेतल्या हॉस्पिटलच्या अल्गोरिदमवरचा, म्हणजे कोणत्या पेशंटला जादा देखभाल द्यायची ते सुचवणाऱ्या कॉम्प्युटर प्रोग्रामवरचा. दोनदा वाचला. पेशंट गोरा की काळा हे त्या अल्गोरिदमला सांगितलेलंच नव्हतं, मग काळ्या पेशंटवर अन्याय झाला तरी कुठून? इथेच अडकलेय.

आकडेवाला_सांगली:
त्याला विचारलं काय होतं ते बघ. कोण जास्त आजारी आहे हे नाही, तर कोणावर जास्त खर्च होईल हे विचारलं होतं. खर्चाचा आकडा बिलात आयता मिळतो, आजारपण तसं एका आकड्यात मिळत नाही, म्हणून खर्चालाच आजारपण धरलं. आता तिकडे तेवढेच आजार असले तरी काळ्या पेशंटवर वर्षाला साधारण १८०० डॉलर कमी खर्च होत होता, दवाखान्यापर्यंत पोचण्यात अडचणी, डॉक्टरांवर विश्वास कमी अशी कारणं, आणि मशीनने त्याचा अर्थ लावला की यांची तब्येत बरी आहे. खर्चाचा अंदाज बरोबरच होता बरं का, प्रश्नच चुकीचा विचारला होता. ही तफावत काढली तर जादा देखभालीसाठी आपोआप निवडलेल्यांत काळे पेशंट १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्के होतात. मी हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा पुढे वाचवेना.

सुनीता_पालघर:
मी पेपर वगैरे वाचणारी नाही पण एका सरकारी दवाखान्यात डेटा एन्ट्री केलीये चार वर्षं. भाताची लावणी सुरू झाली की ओपीडीचा आकडा खाली यायचा आणि मीटिंगमध्ये सगळे खूश, आजार कमी झाले म्हणून. अहो रोज बुडवून येणार कोण? आशाताई पाड्यावर गेल्या की घरोघरी तापाची माणसं सापडायची, पण ती त्यांच्या वहीत, माझ्या कॉम्प्युटरवर नाही.

मृण्मयी_एमए:
सुनीताताई, तुमच्या या चार ओळींनी मला पेपर कळला, खरंच. आशाताईंच्या नोंदी आणि ओपीडीचे आकडे शेजारी शेजारी ठेवून बघितले तर डिझर्टेशन होईल का?

आकडेवाला_सांगली:
होईल की, पण आधी परवानगी घे आणि पेशंटची नावं अजिबात उचलू नकोस. आणि दोन गोष्टी वेगळ्या ठेव. ताई म्हणतात तिथे माणसंच डेटात नाहीत, जॉय बुओलामविनी आणि टिमनिट गेब्रू यांचा २०१८ चा, चेहरा बघून बाई की पुरुष हे ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरवरचा अभ्यास त्याच्या जवळचा आहे, सावळ्या बायकांच्या बाबतीत चूक ३४.७ टक्क्यांपर्यंत आणि गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत फार तर ०.८. ओबरमायरच्या पेपरात माणसं डेटात आहेत, पण कॉलम चुकीचा निवडलाय. तो बदलताही येतो, त्यांनी खर्चाच्या जोडीला तब्येतीचा अंदाज घेतला तर भेदभाव ८४ टक्क्यांनी कमी झाला.

सुनीता_पालघर:
आणि जाशील तेव्हा आशाताईंना आधी विचार गं, वही त्यांची आहे. लावणीच्या दिवसांत ये, म्हणजे दिसेल.