निकाल चिपळूणचा, माजी नवरा बडोद्यात: पोटगी वसूल कशी करू?

सुरंगी_गुहागर:
घटस्फोटाच्या निकालात हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ खाली महिना ९,००० पोटगी ठरली. १४ महिने एक पै नाही. तो बडोद्यात खासगी कंपनीत आहे. फोन उचलत नाही, व्हॉट्सॲपवर निळ्या टिका मात्र लगेच येतात. बजेट २०,००० च्या आत. अनुभव असेल तरच सांगा.

मांडवीकर:
बहिणीसाठी मुंबईचा वकील केला. दीड लाख गेले, पण काम झालं. अशा कामात काटकसर करू नये.

सुरंगी_गुहागर:
दादा, माझी थकबाकीच १,२६,००० आहे हो.

बांद्याचो_बाबू:
रवळनाथाक गाऱ्हाणा घाला. कोर्टबिर्ट मागाहून.

दापोली७७:
फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली वॉरंट काढा. आमचा एक पाहुणा एक रात्र आत बसला, सकाळी भावाने पैसे आणून भरले.

निवृत्त_शिरस्तेदार:
१ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १२५ चं १४४ झालंय, आणि इथे ते लागतच नाही. ताईंकडे दिवाणी हुकूमनामा आहे, त्याची दरखास्त, म्हणजे वसुलीचा अर्ज, दाखल होते. मुदत हप्ता थकल्यापासून १२ वर्षं. १४४ वाल्यांना एका वर्षात अर्ज करावा लागतो, नाहीतर त्या महिन्याचं वॉरंट निघत नाही. पण त्यांचा हुकूम माणूस जिथे असेल तिथल्या मॅजिस्ट्रेटकडे बजावता येतो.
तुमचा हुकूमनामा चिपळूणहून बडोद्याच्या कोर्टात वर्ग करून घ्यावा लागेल. सोबत हुकूमनाम्याची नक्कल आणि वसुली बाकी असल्याचा दाखला जातो. तो सरकारी नोकर असता तर पगारजप्तीचा हुकूम इथूनच निघाला असता. खासगीत पगार काढणारा अधिकारी कोर्टाच्या हद्दीत असावा लागतो. पोटगीच्या वसुलीत एक तृतीयांश पगार जप्तीतून सुटतो, बाकीचा जप्त होऊ शकतो.
नकलेवरचा गोल शिक्का उजेडात धरून बघा. माझ्या भाचीची दरखास्त शिक्का फिकट म्हणून परत आली होती.

पेडण्याची_माई:
आमच्या गोव्यात पोर्तुगीज काळापासून सगळ्यांना एकच कायदा. असले घोळ नाहीत.

मांडवीकर:
का, गोव्यातले नवरे पळत नाहीत? आमच्या ऑफिसात म्हापशाचा एक आहे, बायकोला चार वर्षं झुलवतोय.

पेडण्याची_माई:
एकावरून सगळा गोवा ठरवू नका.

खाडीकाठ:
अहो, विषय बडोद्याचा आहे. ताई, विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, बाईमाणसाला उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन १५१००. मी त्यांच्याच वकिलावर केस लढले.

दापोली७७:
वॉरंट काढाच.

निवृत्त_शिरस्तेदार:
वरचं वाचा हो.

सुरंगी_गुहागर:
शिरस्तेदार काका, एक विचारते. वेळणेश्वरच्या आंब्याच्या बागेच्या सातबाऱ्यावर त्याचं नाव आहे. ती बाग चिपळूणच्याच कोर्टाच्या हद्दीत येते. तिथे जप्ती लावली तर?

निवृत्त_शिरस्तेदार:
लागते. मग हुकूमनामा वर्ग करायलाही नको. पण सामाईक जमिनीतल्या हिश्शाला लिलावात गिऱ्हाईक मिळत नाही. पगारच धरा, वर्ग करण्याचाच अर्ज द्या.

खाडीकाठ:
मीही तेच म्हणेन. सासरच्या वाडीत बेलिफ गेला की बोलणी तुम्हालाच खावी लागतील.

मांडवीकर:
मुंबईचा वकील हेच सांगेल.

सुरंगी_गुहागर:
मला लिलाव नकोच आहे. चुलत सासरे बाग विकायला काढतायत, इसार घेऊन झालाय. जप्तीनंतर त्याने हिस्सा विकला तरी माझ्या वसुलीपुढे तो व्यवहार टिकत नाही, असं आमचे जुने वकील म्हणाले. गिऱ्हाईक अडलं की सासरेच त्याला फोन करतील, आणि त्यांचा फोन तो उचलतो. बोलणी चार वर्षं खातेच आहे. सोमवारी नकलेचा अर्ज देते. फी १२,००० ठरलीय, अर्धी आंब्याची पट्टी आल्यावर.

बांद्याचो_बाबू:
गाऱ्हाणा घालूक विसरा नको.

मांडवीकर:
तरी मुंबईचा नंबर पाठवून ठेवतो.