नगराध्यक्षांनी ‘आपले कामगार, आपलं शहर’ अपडेट दिलाय, यातलं पगारात किती उतरतं?

सांजवारा

नमस्कार मंडळी, जरा मोठं आहे पण वाचा.

आमचं तालुक्याचं गाव, नगरपरिषद आहे, नाव मुद्दाम टाकत नाही, निम्मे लोक ओळखीचे निघतील. डिसेंबर २०२५ च्या निवडणुकीत नवीन नगराध्यक्षा थेट निवडून आल्या. त्याआधी कितीतरी दिवस प्रशासकच होते, त्यामुळे कोणीतरी समोर येऊन बोलतंय याचंच लोकांना अप्रूप. दर महिन्याला त्या फेसबुक लाईव्ह करतात. या वेळचा विषय होता सफाई कामगार आणि शहरातलं सामाजिक जीवन. म्हणजे काय तर सगळ्या कामगारांना गणवेश, गमबूट, हातमोजे दिले, आरोग्य शिबिर घेतलं, गाडगेबाबांच्या पुण्यतिथीला सत्कार सुरू करणार, बंद पडलेलं समाजमंदिर उघडून संध्याकाळी अभ्यासिका आणि वर म्हाताऱ्या माणसांसाठी विरंगुळा केंद्र, आणि रविवारी सकाळी बाजारपेठेचा रस्ता गाड्यांना बंद, पोरांना खेळायला. ऐकायला छानच वाटलं, खोटं कशाला बोलू.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या गल्लीत झाडायला येणाऱ्या मावशींना म्हणलं, मावशी, हातमोजे मिळाले म्हणे? तर पिशवीतून प्लास्टिकसकट काढून दाखवले. रबरी, कोपरापर्यंतचे, पुरुषांच्या मापाचे. म्हणाल्या घातले की झाडू हातात फिरतो, मग काय करू. आणि मग सहज बोलता बोलता निघालं की पगार दोन महिने झालेला नाही. त्या ठेकेदाराकडे आहेत, नगरपरिषदेत नाहीत, हे मला सहा वर्षं रोज बघून माहीत नव्हतं. अजून एक, सकाळी सहाला हजेरी असते आणि अकरापर्यंत त्या पाणी पीत नाहीत, कारण जायचं कुठे.

तर प्रश्न असा की पुढच्या लाईव्हला मी नेमकं काय विचारू? राजकारण करतोय असं व्हायला नको, मावशींवर तर अजिबात यायला नको. आणि नगराध्यक्षांच्या हातात खरंच काय असतं?

जुना_मुकादम

मुंबईत ३१ वर्षं काढली, आता रिटायर. पहिलं सांगतो, मावशींचं नाव, गल्ली, वॉर्ड काहीही लाईव्हमध्ये घ्यायचं नाही. दुसऱ्या दिवशी मुकादम हजेरी लावताना ‘तुमची लई ओळख वाढली’ म्हणेल आणि लांबचा बीट, म्हणजे झाडायचा पट्टा, देईल. हे मी मुकादम असून सांगतोय.

ठेक्याचा खेळ जुना आहे. कंत्राटी कामगारांचा १९७० चा कायदा मूळचा २० माणसं असली तरच लागू व्हायचा, मग काय, ठेकेच छोटे छोटे करायचे. कुठे कामगार म्हणायचंच नाही, स्वयंसेवक म्हणायचं आणि पगाराला मानधन. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाने हे कोर्टात नेलं, २०१४ ला औद्योगिक न्यायाधिकरणाने २,७०० माणसं कायम धरा म्हणून निकाल दिला, महापालिका वर वर जात राहिली, शेवटी ७ एप्रिल २०१७ ला सुप्रीम कोर्टातही कामगारच जिंकले. त्या निकालानंतरही यादीतल्या नावाचं स्पेलिंग आणि आधारवरचं स्पेलिंग जुळत नाही म्हणून माणसं हेलपाटे घालत होती. म्हणून मावशींना सांगा, हजेरीचा कुठलाही कागद, ओळखपत्र, जुना गेटपास, काहीही फेकायचं नाही. कोर्टात शाल दाखवून चालत नाही, कागद लागतो.

टाकसाळ्या

मला कळत नाही इतकं कौतुक कशाला. आमच्या वॉर्डात दोन-दोन दिवस कोणी फिरकत नाही, फोटोत मात्र तीस जण उभे असतात. आधी काम करा मग पगार मागा. टॅक्स आम्ही भरतो.

लेखा_विभाग

@टाकसाळ्या, फोटोत तीस आणि रस्त्यावर बारा, हाच तर मुद्दा आहे साहेब. बिल तिसाचं निघतं. उरलेल्या अठरांचे पैसे कुठे जातात ते मावशींना विचारून कसं कळणार?

@सांजवारा, मी दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेत लेखा शाखेत होतो, तर पैसा कसा फिरतो ते सांगतो. कायम कर्मचाऱ्यांचा पगार बराचसा शासनाच्या सहायक अनुदानावर चालतो, ते उशिरा आलं की त्यांचाही उशिरा. पण सफाईचा ठेका बहुतेक वेळा वित्त आयोगाच्या निधीतून किंवा नगरपरिषद फंडातून असतो, ठेकेदार महिन्याचं बिल टाकतो, ते आरोग्य विभाग, लेखा, लेखापरीक्षण, मुख्याधिकारी असं फिरत बसतं. आणि ठेकेदार कामगारांना सांगतो, बिल निघालं की पगार. हे साफ चूक आहे. बिल निघो न निघो, पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत पगार द्यायचाच, आणि ठेकेदाराने नाही दिला तर मूळ मालकाने म्हणजे नगरपरिषदेने द्यायचा आणि ठेकेदाराच्या बिलातून कापून घ्यायचा. ही तरतूद १९७० च्या कायद्यात होती, २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन कामगार संहिता लागू झाल्या त्यातही आहे. ऑफिसात कोणी ‘आमचा संबंध नाही, ठेकेदाराला विचारा’ म्हणलं तर एवढं वाक्य पुरे.

नगराध्यक्षांच्या हातात काय, तर मावशींना कायम करणं नाही. आकृतिबंध, म्हणजे कोणती किती पदं ती यादी, शासन मंजूर करतं, त्यात पद नसेल तर कोणीही कायम करू शकत नाही, म्हणून तसं आश्वासन दिलं तर टाळ्या वाजवू नका. पण सर्वसाधारण सभेच्या त्या अध्यक्ष असतात, विषयपत्रिकेवर विषय घेऊ शकतात, आणि निविदेच्या अटी सभेत ठरवून घेऊ शकतात. मी असतो तर लाईव्हला एकच मागितलं असतं, की ठेकेदाराच्या बिलाला त्या महिन्याचं पगारपत्रक, बँकेत पैसे जमा केल्याची यादी आणि पीएफचं चलन ईसीआरसकट जोडल्याशिवाय बिल पुढे सरकणार नाही. ईसीआर म्हणजे नावनिशीवार यादी, कोणाचे किती भरले ते. नुसतं चलन घेऊ नका, त्यात एकूण रक्कम असते, नावं नसतात, तिथेच गंमत होते.

हो, आणि दर कोणता लावलाय ते बघा. स्थानिक संस्थांतल्या कामगारांना आपल्याकडे वेगळं किमान वेतन जाहीर आहे आणि त्यावरचा विशेष भत्ता वर्षातून दोनदा बदलतो. ठेका तीन वर्षांचा आणि भत्ता पहिल्या महिन्यातलाच, हे मी स्वतः फायलीत पाहिलेलं आहे.

आईचा_मुलगा

माझी आई २२ वर्षं झाडते. आमच्या घरात अकरा शाली आहेत. खोटं नाही, मोजल्यात. एक थंडीत वापरतो बाकी लोखंडी कपाटावर. मागच्या सत्काराला पेपरवाले आले होते तर आईला झाडू घेऊन उभं राहायला सांगितलं, ती आपला रोजचा झाडू घेऊन आली तर साहेब म्हणले हा नको, आणि कोणाचा तरी कोरा करकरीत झाडू आणून हातात दिला, त्याला अजून दुकानाची चिठ्ठी होती. पेपरात तोच फोटो आला. आई हसते अजून त्यावर, मला नाही हसू येत.

नावं पण बदलतात, आधी झाडूवाली, मग सफाई कामगार, मग स्वच्छतादूत. बदललं ते एवढंच.

लोकांना वाटतं सफाईवाल्याच्या पोराला वारसाने नोकरी मिळतेच. लाड-पागे समितीच्या शिफारशीवरून मिळते, त्याचा एकत्रित जीआर २४ फेब्रुवारी २०२३ चा आहे, पण कायम माणसाच्या घरात. आई ठेक्यावर, तिचा वारसा म्हणजे मला काय मिळणार, त्या अकरा शाली.

शिबिराचं पण सांगतो, बीपी शुगर बघून गोळ्या दिल्या आणि सोडलं. आईचा खांदा आणि गुडघा गेलाय, ते कोण बघणार? त्यापेक्षा ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड चालू आहे का विचारा. पगारातून ०.७५ टक्के कापतात, मालकाने ३.२५ घालायचे असतात. आईचे कापले जात होते, कार्ड कधी हातात आलं नाही. मी मागं लागून आणलं, दवाखान्यात गेलो तर पुढचे हप्ते भरलेलेच नाहीत.

आणि एक, तुमच्या इथे गटारात माणूस उतरवतात का ते बघा, हा प्रश्न हातमोज्याच्या आधी यायला पाहिजे. २०१३ च्या कायद्याने असं उतरवायला बंदी आहे. ऑक्टोबर २०२३ ला सुप्रीम कोर्टाने गटारात मेलेल्याच्या घरच्यांना ३० लाख द्या म्हणलंय, आधी १० होते. माझा मामा ड्रेनेजला होता. जास्त लिहित नाही.

रंग_उडालेला_बाक

वरचं वाचून खरं तर काही लिहावंसं वाटेना, पण समाजमंदिराबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो.

आमच्याकडे पण अभ्यासिका झाली होती, फीत कापली, टेबलं आली, ट्यूबलाईट आल्या, आणि किल्ली गेली एका कार्यकर्त्याकडे. तो लग्नाला गेला की अभ्यासिका बंद. सहा महिन्यांनी आत मांडवाचे बांबू आणि मोठी पातेली, वर्षाने गणपतीचा जुना सेट. पोरं परत बसस्टँडच्या लाईटखाली. म्हणून माझा प्रश्न नेहमी एकच असतो, किल्ली कोणाकडे? पुस्तकं कमी असली तरी चालतील.

आणि तुम्ही मावशींच्या पाण्याचं लिहिलंय ना, समाजमंदिराला शौचालय असणारच. ते सकाळी साडेपाचला उघडा आणि हजेरी तिथेच घ्या. काही नवीन बांधायला नको, निविदा नको. डबा खायला पण सावली मिळते, नाहीतर बायका बंद दुकानाच्या पायरीवर बसतात आणि दुकानदार नऊला येऊन उठवतो. सामाजिक जीवन म्हणतात त्यात या बायका धरल्यात का नाही, ते यातच कळेल. संध्याकाळी पोरं, सकाळी कामगार, आणि दारावर वेळ लिहिलेली पाटी, एवढंच.

पेठेतली

आमच्या पुण्याचं एक सांगते, जाहिरात नाही. इथे कचरावेचक बायकांची १९९३ पासून संघटना आहे, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, आणि त्यातूनच ‘स्वच्छ’ ही त्यांची स्वतःची सहकारी संस्था निघाली, २००८ पासून महापालिकेशी करार आहे. दारोदार कचरा त्याच घेतात, महिन्याचे पैसे आपण थेट त्यांना देतो, विकण्यासारखं सुकं त्यांचं. मधे ठेकेदार नाही. सगळं गोड आहे असं अजिबात नाही, करार संपत आला की दर वेळी धाकधूक असतेच, आणि सोसायट्या वीस-तीस रुपयांवरून जी घासाघीस करतात ती बघून लाज वाटते. पण आमच्या ताईंचं नाव मला माहीत आहे, त्यांच्या मुलीची दहावी कधी ते माहीत आहे. पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायचा, हे मला त्यांनीच दारात उभं राहून शिकवलं, कारण मी पिशवी तशीच देत होते आणि त्यांना हाताने उघडून बघावी लागायची. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

तुमच्या गावाला लगेच हे जमेल असं नाही. पण नागरिकांनी कामं सुचवायची असा प्रकार पुण्यात २००६ पासून बजेटमध्ये आहे, तसं तुमच्या नगराध्यक्षांना विचारायला काय हरकत आहे?

जुना_मुकादम

@आईचा_मुलगा, केंद्राची ‘नमस्ते’ योजना आहे, २०२३ पासून, गटार आणि सेप्टिक टँकवाल्यांची नोंदणी करून सुरक्षा किट आणि आयुष्मान कार्ड देतात, २०२४ ला कचरावेचकांनाही घेतलंय त्यात. तुमच्या गावात नोंदणी झाली का बघा. आणि मामांचं वाईट वाटलं रे बाबा.

सांजवारा

सगळ्यांचे आभार, उशिरा लिहितोय कारण लाईव्ह कालच झालं.

नाव न घेता दोनच गोष्टी विचारल्या, बिलाला ईसीआर जोडण्याची अट आणि समाजमंदिराची किल्ली. पहिल्याला नगराध्यक्षा जरा थांबल्या, बाजूला बसलेल्या अधिकाऱ्यांकडे बघितलं, ते म्हणाले तपासून सांगतो. मी खाली कमेंटमध्ये ७ तारखेचं वाक्य टाकलं, त्याला दीडशेच्या वर लाईक आले, त्यातले निम्मे तरी कामगारांच्या घरचेच असावेत. माहिती अधिकाराचा अर्ज पण टाकलाय, १० रुपयांचं तिकीट लावून, मागच्या १२ महिन्यांची पगारपत्रकं आणि ईसीआर. तीस दिवस बघू.

मावशींचं पीएफ पासबुक बघायला बसलो तर यूएएनला, म्हणजे पीएफच्या नंबरला, जो मोबाईल जोडलाय तो त्यांचा नाहीच, ठेकेदाराच्या सुपरवायझरचा. म्हणजे ओटीपी त्याच्याकडे जातो. ते बदलायच्या मागे आहे, कोणाला सोपा रस्ता माहीत असेल तर सांगा.

एका महिन्याचा पगार परवा जमा झाला, कशामुळे ते माहीत नाही, मी श्रेय घेणार नाही. आणि किल्लीचं मात्र काम झालं. सोमवारपासून समाजमंदिराचं शौचालय साडेपाचला उघडतंय, किल्ली मावशींच्यातल्याच एकीकडे दिलीय. सुट्टीच्या दिवशी कोण उघडणार यावर त्यांच्यात थोडी भांडणं पण झाली म्हणे.

हातमोज्यांचं माप घ्यायला एकजण आला होता. वहीत सगळ्यांपुढे ‘मध्यम’ लिहून गेला.